प्रदर्शन ‘सी’ करायचं, ‘व्हिजिट’ करायचं की ‘अटेंड’?

“काल जहांगीरला चित्रांचं प्रदर्शन बघून आलो.” मराठीत या वाक्यात अडण्यासारखं काही नाही. हेच इंग्रजीत सांगायची वेळ आली की सी, वॉच, लुक ॲट, व्ह्यू, व्हिजिट, अटेंड, गो टू अशी क्रियापदं एकदम पुढे येतात आणि घाईत जे हाताला लागतं ते वापरलं जातं. “आय वॉच्ड ॲन एक्झिबिशन.” “आय व्हिजिटेड टू ॲन एक्झिबिशन.” “वी वेंट फॉर ॲन एक्झिबिशन.” तिन्ही वाक्यं खटकतात आणि प्रत्येकाचं कारण वेगळं आहे.

मूळ घोळ आपल्या ‘पाहणे’चा. मराठी माणूस चित्र पाहतो, नाटक पाहतो, क्रिकेट पाहतो, वाट पाहतो आणि घरात लग्नाचं कुणी असेल तर स्थळंही पाहतो. क्रियापद तेच. इंग्रजी क्रियापद मात्र पुढे कोणतं नाम येणार आहे ते बघून बदलतं. त्यामुळे ‘पाहणे’ला इंग्रजीत काय म्हणतात, या प्रश्नाला उत्तर नाही. आपण नेमकं काय पाहिलं ते आधी ठरवायचं: जागा, कार्यक्रम, मांडलेला सगळा संच, की त्यातली एकच वस्तू? आणि ती वस्तू हलत होती का?

वाघनखांवरून कळेल

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि जुलै 2024 मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली गेली. समजा, तुम्ही त्या वेळी साताऱ्याला गेला होतात आणि परदेशातल्या मित्राला ते सांगायचं आहे.

जागेबद्दल बोलायचं असेल तर “वी व्हिजिटेड द म्युझियम इन सातारा.” मांडणीबद्दल बोलायचं तर “वी सॉ द एक्झिबिशन.” फक्त वाघनखांबद्दल बोलायचं तर “वी सॉ द टायगर क्लॉज.” काचेला नाक लावून पाच मिनिटं निरखली असतील तर “वी लुक्ड ॲट देम फॉर फाइव्ह मिनिट्स.” उद्घाटनाच्या समारंभाला हजर होतात, तर “वी अटेंडेड द ओपनिंग.”

आता यातली क्रियापदं अदलाबदल करून बघा. “वी व्हिजिटेड द टायगर क्लॉज” होत नाही, कारण व्हिजिट जागेला किंवा माणसाला दिली जाते, वस्तूला नाही. “वी वॉच्ड द टायगर क्लॉज” म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, नखं कधी हलतात याची तुम्ही वाट बघत उभे होतात. “वी अटेंडेड द टायगर क्लॉज” तर विनोदच.

खरी गंमत ‘एक्झिबिशन’ या शब्दाची आहे. तो थोडा जागेसारखा वागतो, थोडा कार्यक्रमासारखा आणि थोडा वस्तूंच्या संचासारखा. म्हणून त्याच्याबरोबर सी, व्हिजिट, गो टू आणि अटेंड ही चारही क्रियापदं व्याकरणात बसतात. फरक पडतो तो अर्थाच्या छटेत. संग्रहालय किंवा चित्र यांच्या बाबतीत सहसा कुणी अडखळत नाही, प्रदर्शनाच्या बाबतीत अडखळतं, त्याचं कारण हे.

घाईत असाल तर

बोलताना विचार करायला वेळ नसेल, तर ‘गो टू’ किंवा ‘सी’. “वी वेंट टू ॲन एक्झिबिशन.” “वी सॉ ॲन एक्झिबिशन.” लंडन असो, न्यूयॉर्क असो की ठाणे, यात कुणी चूक काढणार नाही. ‘गो टू’मध्ये जाण्यावर भर आहे, ‘सी’मध्ये पाहण्यावर. दोन्ही हवं असेल तर “वी वेंट टू सी ॲन एक्झिबिशन”, म्हणजे आपलं ‘पाहायला गेलो’. मराठीसारखंच, यातही प्रत्यक्ष पाहिलंच असं ठरत नाही. “वी वेंट टू सी द एक्झिबिशन, बट इट वॉज क्लोज्ड” हे वाक्य बरोबर आहे.

‘गो अँड सी’ हेही चालतं, पण काळ बदलला की दोन्ही क्रियापदं बदलावी लागतात: “वी वेंट अँड सॉ इट.” अमेरिकन लोक मधला ‘अँड’ गाळून ‘गो सी’ म्हणतात. तो फक्त मूळ रूपात चालतो: “लेट्स गो सी इट”, “आय विल गो सी इट”. “आय वेंट सी इट” किंवा “शी गोज सी इट” होत नाही.

या सगळ्यात ‘ॲन’ विसरायचं नाही. “आय वेंट टू एक्झिबिशन” हे मराठी कानाला खटकत नाही, कारण आपल्याकडे ती भानगडच नाही. पहिल्यांदा उल्लेख करताना ‘ॲन एक्झिबिशन’, ऐकणाऱ्याला कोणतं ते माहीत असेल तर ‘द एक्झिबिशन’. संग्रहालयांच्या नावांचं मात्र पाठच करावं लागतं: ‘द ब्रिटिश म्युझियम’, ‘द लूव्र’, ‘द नॅशनल गॅलरी’, पण ‘टेट मॉडर्न’ला पुढे काही नाही.

‘वॉच’ कुठे नको आणि कुठे हवंच

वॉच म्हणजे वेळ जाईल तसं घडत जाणारं काहीतरी लक्ष देऊन पाहणं. सामना, मालिका, मिरवणूक, रस्त्यावरचं भांडण. प्रदर्शनात वस्तू जागच्या जागी असतात, फिरता तुम्ही. म्हणून “वॉच ॲन एक्झिबिशन” होत नाही. सिनेमाच्या बाबतीतही इंग्रजी असाच भेद करतं: थिएटरात जाऊन पाहिला तर बहुधा “सॉ अ फिल्म”, घरी टीव्हीवर पाहिला तर “वॉच्ड अ फिल्म”. घराबाहेर पडून एक अनुभव पूर्ण घेऊन येणं म्हणजे सी. प्रदर्शन त्याच गटातलं.

मुंबईच्या राणीच्या बागेत हा फरक एका फेरीत पाहता येतो. तिथे दरवर्षी फुलांचं प्रदर्शन भरतं आणि 2017 पासून पेंग्विनही पाहायला मिळतात. फुलांसाठी “वी वेंट टू सी द फ्लॉवर शो”, पेंग्विनसाठी “वी वॉच्ड द पेंग्विन्स”. तुमच्या डोळ्यांचं काम दोन्हीकडे सारखंच होतं, पण गुलाब जागचा हलत नाही आणि पेंग्विन एका जागी थांबत नाही.

याच न्यायाने प्रदर्शनाच्या आतही कधी कधी वॉच लागतो. हातमागाच्या प्रदर्शनात विणकर मागावर बसून पैठणी विणून दाखवत असेल, तर “वी वॉच्ड अ वीव्हर ॲट वर्क”. शेजारी घडी घालून ठेवलेल्या पैठण्यांसाठी “वी लुक्ड ॲट द सारीज”. भिंतीवर वारली चित्र काढणारा कलाकार असेल तर त्याला वॉच, काढून झालेल्या चित्राला लुक ॲट. पडद्यावर चालणारी चित्रफीत असेल तर तिलाही वॉच, मग ती कितीही कंटाळवाणी असो.

‘लुक ॲट’ आणि ‘सी’ यांतली रेघ अशी: नजर मुद्दाम वळवली तर लुक ॲट, नजरेला पडलं किंवा पाहून झालं तर सी. म्हणून चित्रासमोर उभं असताना फोन आला तर “आय ॲम लुकिंग ॲट अ पेंटिंग” म्हणायचं. “आय ॲम सीइंग अ पेंटिंग” नाही. मराठीत ‘मी चित्र बघतोय’ म्हणतो म्हणून ‘सीइंग’ तोंडात येतं. ‘ॲम सीइंग’ चालतं ते ठरलेल्या बेतासाठी: “आय ॲम सीइंग द एक्झिबिशन ऑन सॅटरडे.” आणि माणसाचं नाव पुढे आलं तर अर्थ भलताच होतो. “आय ॲम सीइंग हर” म्हणजे आमचं जमलंय. शाळेच्या ग्रुपवर जपून.

‘व्हिजिट’ला चिकटणारा ‘टू’

मराठी माणसाची सगळ्यात हट्टी चूक हीच. ‘प्रदर्शनाला भेट दिली’ या वाक्यातल्या ‘ला’चा ‘टू’ होतो आणि ‘दिली’चा ‘गेव्ह’. मग “वी व्हिजिटेड टू द एक्झिबिशन” किंवा “वी गेव्ह व्हिजिट टू द एक्झिबिशन” तयार होतं.

व्हिजिट क्रियापद असेल तेव्हा मध्ये काहीही नको: “वी व्हिजिटेड द एक्झिबिशन.” व्हिजिट नाम असेल तेव्हा ‘टू’ हवाच: “अवर व्हिजिट टू द एक्झिबिशन”, “ड्युरिंग अ व्हिजिट टू पुणे”. ओळखायची खूण सोपी आहे. व्हिजिटच्या आधी ‘अ’, ‘माय’, ‘अवर’ असं काही आलं की ते नाम, तिथे टू लावा. आधी ‘आय’, ‘वी’, ‘दे’ आलं की क्रियापद, टू काढा. भेट ‘देणे’साठी इंग्रजीत ‘पे’ आहे: “वी पेड अ व्हिजिट टू द एक्झिबिशन.” यात पैशाचा संबंध नाही, पण जरा पुस्तकी वाटतं. साधं व्हिजिटेड बरं.

ही चूक पक्की होते शाळेत. निबंधाचं शीर्षक ‘अ व्हिजिट टू ॲन एक्झिबिशन’ असतं आणि तिथला टू बरोबरच असतो. मुलं तोच टू उचलून पहिल्या ओळीत घालतात: “लास्ट संडे वी व्हिजिटेड टू...” पालकांनी आणि शिक्षकांनी वही तपासताना शीर्षक आणि पहिली ओळ शेजारी ठेवून दाखवावी. एकदा दिसली की ही चूक कायमची सुटते.

याच कुळातल्या आणखी दोन चुका त्याच निबंधात सापडतात. ‘गॅलरीला पोहोचलो’चं “रीच्ड टू द गॅलरी” होतं, हवं “रीच्ड द गॅलरी”. ‘दालनात शिरलो’चं “एंटर्ड इन द हॉल” होतं, हवं “एंटर्ड द हॉल”.

छटेचं बोलायचं तर व्हिजिट हे गो टूपेक्षा थोडं औपचारिक आहे. अहवाल, बातमी, अर्ज, संग्रहालयाचं माहितीपत्रक यांत ते शोभतं. बऱ्याच संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर वेळा आणि तिकिटांची माहिती ‘व्हिजिट’ किंवा ‘प्लॅन युअर व्हिजिट’ याच बटणामागे असते. भावाला व्हॉट्सॲपवर “आय व्हिजिटेड ॲन एक्झिबिशन” लिहिलं तर चुकीचं नाही, पण गणवेश घालून भाजी आणायला गेल्यासारखं वाटतं.

‘अटेंड’ला घड्याळ लागतं

अटेंड म्हणजे ठरलेल्या वेळी, इतर लोकांसोबत, एखाद्या कार्यक्रमाला हजर राहणं. लग्न, सभा, व्याख्यान, तास. म्हणून स्वतःला एक प्रश्न विचारायचा: ‘कधी आहे?’ याचं उत्तर ‘संध्याकाळी साडेपाचला’ असं आलं तर अटेंड. उत्तर ‘मंगळवारपासून सोमवारपर्यंत, अकरा ते सात’ असं आलं तर सी, व्हिजिट किंवा गो टू.

जहांगीर आर्ट गॅलरीतल्या चित्रप्रदर्शनाचं उद्घाटन, तिथे चित्रकाराशी गप्पा, शेवटच्या दिवशीची चर्चा, हे सगळं अटेंड. मधल्या दिवसांत दुपारी जाऊन चित्रं बघून येणं म्हणजे अटेंड नव्हे. “आय अटेंडेड ॲन आर्ट एक्झिबिशन” व्याकरणात नापास होणार नाही, पण खुर्चीवर बसून हजेरी दिल्यासारखं ऐकू येतं.

अपवाद व्यापारी प्रदर्शनांचा. कृषी प्रदर्शन, यंत्रांचं प्रदर्शन, पुस्तकांचा जागतिक मेळा अशा ठिकाणी लोक नोंदणी करून, बिल्ला लावून, बैठका ठरवून जातात, म्हणून तिथे अटेंड बिनदिक्कत वापरतात. जर्मनीतल्या एखाद्या प्रदर्शनासाठी व्हिसाच्या पत्रात “टू अटेंड द ट्रेड फेअर” लिहा. तुमच्या कंपनीचा तिथे स्टॉल असेल तर मात्र “टू एक्झिबिट ॲट द ट्रेड फेअर”. या दोहोंत गल्लत करू नका: अटेंड किंवा व्हिजिट म्हणजे तुम्ही बघायला चाललात, एक्झिबिट म्हणजे तुम्ही माल मांडणार आहात. बिल्ल्यावरही ‘व्हिजिटर’ आणि ‘एक्झिबिटर’ असं वेगळं छापलेलं असतं आणि आत शिरायचं दारही कधी कधी वेगळं असतं.

अटेंडलाही टू लागत नाही. ‘अटेंड टू’ म्हणजे एखाद्या कामाकडे लक्ष देणं; नर्स रुग्णाला अटेंड टू करते. “आय अटेंडेड टू द एक्झिबिशन” म्हटलं तर अर्थ होईल, प्रदर्शनाची व्यवस्था मी पाहिली. (बघा, इथेही मराठीत ‘पाहिली’च.)

येणं जमणार नसेल तर पत्रात “आय विल बी अनेबल टू अटेंड”, फोनवर “आय वोंट बी एबल टू मेक इट”.

‘गो फॉर’चं काय?

“वी वेंट फॉर अ मूव्ही”, “वी वेंट फॉर ॲन एक्झिबिशन” हे भारतात इतकं रुळलंय की ते चुकीचं आहे म्हटलं तर लोक दुखावतात. आपसात खुशाल बोला, समजतं सगळ्यांना. भारताबाहेर मात्र ‘गो फॉर’ची यादी वेगळी आहे: अ वॉक, अ रन, अ स्विम, अ ड्राइव्ह, अ मील, अ कॉफी. म्हणजे जे तुम्ही करता किंवा खाता-पिता ते. प्रदर्शन, सिनेमा, नाटक, लग्न इथे ‘गो टू’. शिवाय ‘गो फॉर’चा आणखी एक अर्थ आहे, निवडणं. “वी वेंट फॉर द एक्झिबिशन” ऐकून परदेशी माणूस पुढे विचारू शकतो, ‘दुसरा पर्याय काय होता?’

‘जाऊन आलो’ आणि ‘गेलाय’

‘जाऊन आलो’ला इंग्रजीत फार नेटका पर्याय आहे: ‘हॅव बीन टू’. “आय हॅव बीन टू द एक्झिबिशन” म्हणजे गेलो, पाहिलं, परत आलो. “ही हॅज गॉन टू द एक्झिबिशन” म्हणजे तो गेलाय आणि अजून तिकडेच आहे. ऑफिसात कुणी साहेबांबद्दल विचारलं आणि ते शेजारच्या खोलीत बसले असतील, तर “ही हॅज गॉन टू द एक्झिबिशन” म्हणून त्यांना पुन्हा बाहेर पाठवू नका. स्वतःबद्दल, समोरासमोर उभं राहून “आय हॅव गॉन टू...” तर सहसा म्हणत नाहीत, तुम्ही तर इथेच आहात.

काल, गेल्या रविवारी, 2019 मध्ये असा काळ सांगितला की ‘हॅव’ निघून जातो: “आय वेंट टू इट येस्टरडे”, “आय सॉ इट लास्ट संडे”. “आय हॅव सीन इट येस्टरडे” ही मराठीतल्या ‘काल पाहिलंय’ची नक्कल आहे.

यातून एक बारीक गोष्ट साधता येते. प्रदर्शन अजून चालू असेल तर विचारायचं “हॅव यू सीन द एक्झिबिशन?” म्हणजे नसेल पाहिलं तर वेळ आहे, जाऊन या. ते संपलं असेल तर “डिड यू सी द एक्झिबिशन?” प्रश्नाच्या रूपावरूनच ऐकणाऱ्याला कळतं, अजून संधी आहे की गेली.

छोट्या शब्दांचा दणका मोठा असतो. ‘ॲट’ आणि ‘इन’ बघा. “माय ब्रदर इज ॲट द एक्झिबिशन” म्हणजे भाऊ आत्ता तिथे आहे. “माय ब्रदर इज इन द एक्झिबिशन” म्हणजे भावाची चित्रं प्रदर्शनात लागली आहेत, किंवा तो स्वतःच काचेच्या पेटीत आहे. ‘प्रदर्शनात’ या एका मराठी शब्दात दोन्ही अर्थ सुखाने नांदतात. इंग्रजीत अभिनंदनाचे फोन येऊ शकतात.

‘व्ह्यू’ आणि बाकीची मंडळी

व्ह्यू हे कलाबाजाराचं आणि पाट्यांचं क्रियापद आहे. लिलावाआधी वस्तू पाहायला ठेवतात ते ‘व्ह्यूइंग’. ब्रिटनमध्ये प्रदर्शन लोकांसाठी खुलं होण्याआधीच्या निमंत्रितांच्या संध्याकाळला ‘प्रायव्हेट व्ह्यू’ म्हणतात आणि तिला लोक अटेंड करतात. मार्च 2020 मध्ये हाँगकाँगचा कलामेळा रद्द झाला तेव्हा तो भरवणाऱ्या ‘आर्ट बाझल’ने ऑनलाइन ‘व्ह्यूइंग रूम’ उघडल्या, त्यानंतर हा शब्द गॅलऱ्यांत सगळीकडे पसरला. विकत घेण्याच्या दृष्टीने पाहणं, असा एक वास व्ह्यूला आहे. घर पाहायला जाणंही व्ह्यूच. रोजच्या बोलण्यात “आय व्ह्यूड ॲन एक्झिबिशन” म्हणू नका, पोलिसांच्या पंचनाम्यासारखं वाटतं.

‘फिरलो’साठी ‘रोम्ड’ लिहायची आपल्याकडे सवय आहे. ‘रोम’ या क्रियापदात दिशाहीन भटकणं आहे, गुरं रोम करतात. प्रदर्शनासाठी ब्रिटिश ‘वेंट राउंड’ किंवा ‘हॅड अ लुक राउंड’ म्हणतात, अमेरिकन ‘वॉक्ड थ्रू’ किंवा ‘लुक्ड अराउंड’. ‘पूर्ण बघायला दोन तास लागले’ हे “इट टुक अस टू अवर्स टू गेट राउंड”.

पाहुण्यांना प्रदर्शन ‘दाखवलं’ तर “वी शोड देम राउंड द एक्झिबिशन”. “वी मेड देम सी द एक्झिबिशन” म्हटलं तर मानगुटीला धरून दाखवल्यासारखं होतं. मुलांना ‘नेलं’ तर “टुक द चिल्ड्रन टू”. बातमीत मंत्री फिरले तर ‘टूर्ड’.

कुठलं प्रदर्शन ते आधी सांगा

मराठीत ‘एक्झिबिशन’ म्हणजे अनेकदा कोथरूड-दादरच्या एखाद्या हॉलमधली साड्या, दागिने आणि पापड-लोणच्यांची विक्री. “आय वेंट टू अ सारी एक्झिबिशन” ऐकून इंग्रज मैत्रीण डोळ्यांपुढे आणते ती जुन्या साड्या, काचेची कपाटं आणि ‘हात लावू नये’ची पाटी. तिला “अ सारी सेल” किंवा हस्तकलेच्या वस्तू असतील तर “अ क्राफ्ट फेअर” सांगा. आपल्या पत्रकांवरचं ‘एक्झिबिशन-कम-सेल’ बाहेर कुणी सहसा वापरत नाही. अशा ठिकाणी स्टॉलवर रेंगाळणं म्हणजे ‘ब्राउझ’, आणि विक्रेतीने काय दाखवू विचारलं तर “जस्ट लुकिंग, थँक्स”.

अमेरिकेत अख्ख्या प्रदर्शनाला ‘एक्झिबिट’ म्हणतात. ब्रिटनमध्ये एक्झिबिट म्हणजे मांडलेली एक वस्तू. न्यू जर्सीतली मावसबहीण “वी सॉ अ ग्रेट एक्झिबिट” म्हणाली तर तिने एकच वस्तू पाहिली असं समजू नका. उच्चारही लक्षात ठेवा: मधला ‘ह’ दोन्हींत गायब, पण एक्झिबिटमध्ये ‘ग्झ’ येतो आणि एक्झिबिशनमध्ये ‘क्स’: एग्झिबिट, एक्सिबिशन. आपण लिहितो त्याच्या जरा पलीकडे.

आणखी एक, “मेक ॲन एक्झिबिशन ऑफ युअरसेल्फ” म्हणजे चारचौघांत स्वतःचा तमाशा करून घेणं. “आय मेड ॲन एक्झिबिशन” असं चित्रकाराने लिहू नये. “आय हॅड ॲन एक्झिबिशन” किंवा “आय हॅड अ शो ॲट जहांगीर”.

भरवणाऱ्यांसाठी

‘प्रदर्शन ठेवलं आहे’चं “ॲन एक्झिबिशन इज केप्ट” होतं आणि निमंत्रणपत्रिकेवर छापूनही येतं. ‘केप्ट’ म्हणजे उचलून फडताळात ठेवलेलं. भरवणे म्हणजे ‘होल्ड’ किंवा बोलीभाषेत ‘पुट ऑन’. लागलं आहे म्हणजे नुसतं ‘इज ऑन’. “देअर इज ॲन एक्झिबिशन ऑन ॲट द टाउन हॉल.” चित्रं भिंतीवर लावणं ‘हँग’, वस्तू मांडणं ‘डिस्प्ले’. उसनी आणलेली वस्तू ‘ऑन लोन फ्रॉम’ अमुक संग्रहालय.

‘यांच्या हस्ते’चं काय करायचं? महाराष्ट्रातल्या शेकडो इंग्रजी पत्रिकांवर “इनॉग्युरेटेड ॲट द हँड्स ऑफ” लिहिलेलं असतं. इंग्रजीत ‘ॲट द हँड्स ऑफ’ येतं ते हाल, पराभव किंवा छळ यांच्यासाठी: अमक्याच्या हातून हार खाल्ली. प्रमुख पाहुण्यांवर असा आरोप नको. “द एक्झिबिशन विल बी ओपन्ड बाय...” एवढं पुरेसं आहे आणि पत्रिकेवरची जागाही वाचते.

अहवालात गर्दीचा आकडा देताना ‘व्हिजिटर्स’ आणि ‘व्हिजिट्स’ वेगळे ठेवा. 1851 मध्ये लंडनच्या हाइड पार्कात, क्रिस्टल पॅलेसमध्ये भरलेल्या ‘ग्रेट एक्झिबिशन’चा साठ लाखांचा आकडा सांगतात तो भेटींचा आहे. एकच माणूस तीनदा गेला तर त्यात तीन धरलेत. तुमच्याकडे वहीतल्या सह्या असतील तर व्हिजिटर्स लिहा, दारावरच्या तिकिटांची मोजणी असेल तर व्हिजिट्स. “द एक्झिबिशन विटनेस्ड अ ह्यूज क्राउड” हे वृत्तपत्री वाक्य टाळा, प्रदर्शन साक्षीदार नसतं. “मोअर दॅन 5,000 पीपल केम टू द एक्झिबिशन.” सरळ, आणि त्यात टूही आपल्या जागी आहे.

तारखा

‘अजून किती दिवस आहे?’ हे “हाउ लाँग इज इट ऑन फॉर?” उत्तरात “इट इज ऑन अंटिल संडे” आलं तर ब्रिटिश इंग्रजीत रविवार धरलाय की नाही ते स्पष्ट नसतं, विचारून घ्या. अमेरिकन “थ्रू संडे” म्हणजे रविवार धरून. स्वतः पत्रक लिहीत असाल तर “द लास्ट डे इज संडे, 20 एप्रिल” असं लिहून मोकळं व्हा.

थोडेच दिवस उरले असतील तर ‘कॅच’ हे क्रियापद फार कामाचं: “ट्राय टू कॅच इट बिफोर इट क्लोजेस.” हे धावती गाडी पकडण्यासारखं आहे, म्हणून कायमस्वरूपी दालनाला वापरत नाहीत. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय तुम्ही कॅच करत नाही. ते 1872 पासून त्याच इमारतीत आहे, कुठे पळून जात नाही. तिथलं महिनाभराचं प्रदर्शन मात्र कॅच करता. आणि राहूनच गेलं तर “आय लेफ्ट इट” नव्हे, “आय मिस्ड इट”.